चार सेकंद

सकाळपासून मी दोनदा बुडाले,
एकदा जिन्यावरून पडले,
आणि आता कॉफी निवायच्या आत
बाळंतपण उरकायचंय.
समोर हेडसेट लावून शेला अझ्युर,
वय बावीस, नोकरीचा नववा दिवस.
मी कागदावर बघून ओरडते,
ती विचारते, पत्ता सांगा.

कागद यंत्राने लिहिलेत.
काउंटीने पैसे भरले, फार्गोहून एक तरुण आला,
त्याने दाखवलं, कळ दाबली की संकट हजर:
आग, अपेंडिक्स, बर्फावर उलटलेला ट्रक,
हवं तेवढं, हव्या त्या वयाचं.
पूर्वी हे प्रसंग मी रात्रपाळीत हाताने लिहायचे.
माझी मरणारी माणसं
सगळी थोडीफार माझ्या नवऱ्यासारखी बोलायची.

यंत्राची माणसं शहाणी.
आधी पत्ता सांगतात, पिनकोडसकट.
रडतात ती पूर्णविराम दिल्यावर.
मी लाल पेन्सिल घेऊन बसते.
पत्ता खोडते, लिहिते,
"ओल्सनचं घर होतं ना, जळालं ते, त्याच्या पुढे."
कुत्रा घालते. टीव्ही चालू ठेवते.
बाईच्या तोंडी पहिलं वाक्य देते,
"तुम्हाला उगाच त्रास, माफ करा हं."
इकडे उत्तर डकोटात छातीत कळ आली तरी
माणसं आधी हवापाण्याचं विचारतात.
शेला हसते. म्हणते, टर्टल माउंटनचे माझे काका
फोनच करणार नाहीत,
स्वतःच गाडी काढतील.

मग एकेचाळीस नंबरचा कागद.
मुलगा, वय नऊ. वडील स्वयंपाकघरात पडलेत.
नाव, पत्ता, सगळं गुळगुळीत,
आणि मध्येच, कुणी न विचारता,
"बाबांचे बूट काढू का?
घरात बूट घातले की आई ओरडते."

पेन्सिल थांबली.

हे वाक्य मी ऐकलंय.
दोन हजार नऊचा मार्च, नदी फुगलेली,
रस्ते पाण्याखाली, ॲम्ब्युलन्स अठ्ठावीस मिनिटांवर.
हे मला ठाऊक, टेपला ठाऊक,
आणि त्या मुलाला,
जो आता पंचविशीचा असेल, कुठेतरी.

फार्गोच्या तरुणाला फोन लावला.
म्हणाला, छे, तुमच्या टेप आम्ही घेतल्याच नाहीत.
खोटं बोलणारा आवाज नव्हता. आवाजातलं मला कळतं.
म्हणजे काय, सगळीच मुलं हे विचारतात?
इतकी वर्षं मी ते वाक्य
एकटीचं म्हणून सांभाळत होते.
बरं वाटावं की वाईट, ठरेना.

माझी पुढची ओळही यंत्राने लिहिलीय,
"नको, बूट राहू दे. दोन्ही हात छातीवर ठेव."
बरोबर आहे. नियमात बसतं.
मीही हेच म्हणाले होते.
पण लगेच नाही.
टेपवर तिथे चार सेकंद काहीच नाही,
चौकशीत त्यांनी घड्याळ लावून मोजले.
फ्रिजची घरघर ऐकू येते,
आणि एक श्वास, त्याचा की माझा कळत नाही.

ओळीच्या वर मी लाल पेन्सिलीने लिहिलं,
चार सेकंद.

"मार्लिस, इथे मी काय करायचं?"
काही नाही.
"म्हणजे, बोलू काय?"
काही नाही. ते आपोआप येतात.
बाहेर कसं यायचं तेवढं शिक.

मी नऊ वर्षांची होते, आवाज बारीक करते.
टेबलाखाली माझी पावलं
आपल्याच बुटांत आखडतात.
"बाबांचे बूट काढू का?"
शेला तोंड उघडते. मिटते.
भिंतीवरचा काटा
एक,
दोन,

"नको रे. राहू दे बूट."
माझ्यापेक्षा एक सेकंद आधी.
आणि ते "रे" कागदावर नाही.

पलीकडच्या टेबलावर खरा फोन वाजतो.
ड्वेन उचलतो. कुणाची तरी गाय हायवेवर आलीय.
कुठे, ते सांगतच नाही तो माणूस,
आधी विचारतो,
तुमच्याकडे बर्फ थांबला का?